चाई, गुळवेल आणि बाळंतिणीची खोली

पत्र थोडक्यात असं: वाचक तालुक्याच्या गावी राहतात. मुलगी 13 वर्षांची, आठवीत. दोन महिन्यांपूर्वी वेणी घालताना डोक्याच्या मागच्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढा, केस गेलेला गुळगुळीत गोल दिसला, आता टाळूजवळ तसाच दुसरा आलाय. गावात सगळे म्हणतात चाई लागली. सासूबाईंनी गुंजा आणून ठेवल्यात, उगाळून लावायला. नवऱ्याचं म्हणणं पोरीची इम्युनिटी कमी झालीय, म्हणून रोज सकाळी गुळवेलीचा काढा आणि ऑनलाइन मागवलेल्या इम्युनिटीच्या गोळ्या. शहरातल्या स्किनच्या डॉक्टरांनी मात्र स्टेरॉइडचं मलम दिलं आणि नाही फरक पडला तर चाईमध्ये बारीक इंजेक्शनं देऊ म्हणाले, आणि ही औषधं इम्युनिटी दाबतात हे कळल्यापासून घरात रोज वाद आहे. शाळेत मैत्रिणी शेजारी बसत नाहीत, मुलगी 8 दिवस शाळेत गेलेली नाही. शेवटी वाचक विचारतात: "इम्युनिटी वाढवायची का कमी करायची? आणि घटक चाचणीत गणितात मार्क कमी पडले म्हणून मी तिला खूप बोलले होते, त्यानंतरच हे झालं. माझ्यामुळे झालं का?"

ताई,

तुमची शेवटची ओळ मी तीनदा वाचली. तुम्ही ती जाता जाता लिहिलीय पण मला वाटतं सगळं पत्र त्या ओळीसाठीच लिहिलंय. तिचं उत्तर देणार आहे, पण आधी इम्युनिटीचं घेते, कारण ते नीट कळलं की दुसरं ओझं आपोआप थोडं हलकं होईल.

तुमच्या घरात दोन पार्ट्या झाल्यात, एक म्हणते वाढवा, एक म्हणते कमी करा, पण दोघांनीही एक गोष्ट धरूनच ठेवलीय की इम्युनिटी म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी, भरलेली असली की बरं आणि खाली गेली की आजार. कोविडनंतर तर हे आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात पक्कं बसलंय. चाईच्या बाबतीत ते लागू पडत नाही. तुमच्या मुलीची इम्युनिटी कमी झालेली नाही. तिच्या पांढऱ्या पेशी चांगल्या धडधाकट आहेत, फक्त त्या अशा ठिकाणी घुसल्यात जिथे एरवी त्यांना प्रवेशच नसतो.

म्हणजे काय ते सांगते. आपल्या शरीरात काही मोजक्या जागा अशा आहेत जिथे इम्युनिटीला मुद्दाम लांब ठेवलेलं असतं. डोळ्याच्या आतला भाग, मेंदू, पुरुषांचं वृषण, आणि दिवस गेलेले असताना गर्भाशय. हे शेवटचं तुम्ही स्वतः अनुभवलंय. तुमची मुलगी पोटात होती तेव्हा ती निम्मी तिच्या वडिलांची होती, म्हणजे तुमच्या शरीराच्या हिशेबाने निम्मी परकी, कुणाची किडनी बसवली तर शरीर ती फेकायला बघतं मग हे बाळ 9 महिने कसं सांभाळलं? कारण त्या जागेचे नियमच वेगळे. आणि या यादीत एक जागा अशी आहे की जिचं नाव ऐकून लोकांना नवल वाटतं, ती म्हणजे केसाचं मूळ. वाढत असलेल्या प्रत्येक केसाचा खालचा कांद्यासारखा फुगीर भाग.

मला तर हे कायम आपल्याकडच्या बाळंतिणीच्या खोलीसारखं वाटतं. पूर्वी घराघरात असायची ना, दाराला पडदा, उजेड मंद, दाराशी कुणीतरी मोठी बाई बसलेली, येणाऱ्याला म्हणणार हळू बोला, बाळ झोपलंय, नंतर या. घरात बाकी सगळीकडे पाहुण्यांची वर्दळ पण त्या खोलीत नाही.

केसाच्या मुळाशी अगदी हेच चालतं. पडदा म्हणजे काय, तर शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत काय बनतंय त्याचे तुकडे बाहेर लावून ठेवते, दारावर पाटी लावावी तसं, आणि गस्तीवरच्या टी पेशी त्या पाट्या वाचत फिरतात, ओळखीचं असलं तर पुढे, अनोळखी असलं तर हल्ला. या पाटीला एमएचसी म्हणतात. वाढत्या केसाच्या मुळातल्या पेशी ही पाटी जवळपास काढूनच ठेवतात. वाचायलाच काही नाही तर भांडण कशाचं. आता गंमत अशी की शरीरात दुसऱ्या प्रकारच्या रक्षक पेशी असतात, नॅचरल किलर नावाच्या, त्या बरोबर पाटी नसलेल्यांनाच पकडतात. म्हणून मूळ त्यांनाही लांब आणि शांत ठेवतं. आणि दाराशी बसलेली मोठी बाई म्हणजे टीजीएफ-बीटा, अल्फा-एमएसएच असली रसायनं, जी मूळ स्वतःच आसपास सोडत असतं, आलेल्या पेशींना गप्प करायला. नावं लक्षात ठेवू नका. एवढंच ठेवा की हे संरक्षण मूळ स्वतः तयार करतं, आणि ते केस वाढीच्या अवस्थेत असतानाचं आहे. डोक्यावरचा केस 2 ते 6 वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत आवरतं घेतो, साधारण 3 महिने विसावा घेतो आणि गळतो, मग त्याच खोबणीत नवीन केस, नवीन पडदा.

हे कुणी शोधलं ते पण सांगते, कारण तुमच्या मिस्टरांना "हे सगळं डॉक्टर लोकांचं" असं वाटत असेल तर त्यांना हे वाचून दाखवा. पीटर मेडावर नावाचा ब्रिटिश शास्त्रज्ञ होता, त्याने 1948 मध्ये दाखवलं की एका सशाची कातडी दुसऱ्या सशाच्या डोळ्यात ठेवली तर ती टिकू शकते, तीच अंगावर लावली तर शरीर फेकून देतं. त्याला पुढे 1960 चं नोबेल मिळालं. त्याचाच सहकारी रूपर्ट बिलिंगहॅम. त्याने काळ्या गिनीपिगच्या कातडीचा पातळ थर पांढऱ्या, नात्यात नसलेल्या गिनीपिगवर बसवला, शरीराने तो फेकून दिला, अपेक्षेप्रमाणेच. पण नंतर त्या पांढऱ्या प्राण्याच्या अंगावर त्याच जागी काळे केस उगवले! रंग बनवणाऱ्या परक्या पेशी केसांच्या मुळांत जाऊन बसल्या होत्या आणि तिथे त्यांना कुणी हात लावला नव्हता. हे त्याने 1971 मध्ये लिहिलं. आणि 1999 मध्ये इंग्लंडमधल्या डरम विद्यापीठातल्या एका शास्त्रज्ञ नवरा-बायकोने, कॉलिन जहोडा आणि अमांडा रेनॉल्ड्स यांनी, नवऱ्याच्या डोक्यातल्या केसाच्या मुळाभोवतीच्या आवरणातल्या थोड्या पेशी बायकोच्या हातात बसवल्या, आणि तिथे केस आला, बायकोच्या शरीराने तो परका म्हणून फेकला नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा किती वेळ स्वतःच्या हाताकडे बघत बसले होते.

आता चाईत काय होतं. तो पडदा गळून पडतो. कशाने पडतो याचं एकच एक कारण नाही, पण पडला की त्या भागात इंटरफेरॉन गॅमा नावाचं धोक्याचं रसायन वाढलेलं असतं, आणि ते वाढलं की मुळातल्या पेशी काढून ठेवलेल्या पाट्या परत लावायला लागतात. गस्तीवाल्या टी पेशी येतात, पाटी वाचतात, त्यांना काहीतरी खटकतं. काय खटकतं, तर बहुतेक केसाचा रंग बनवण्याच्या कामातलं काहीतरी, असा बऱ्याच संशोधकांचा अंदाज आहे. हल्ला सुरू होतो, हल्ला करणाऱ्या पेशी आणखी इंटरफेरॉन सोडतात, त्याने आणखी पाट्या लागतात, मूळ घाबरून इंटरल्यूकिन-15 नावाचं दुसरं रसायन सोडतं, त्याने आणखी पेशी येतात. हे चक्र. मायक्रोस्कोपखाली मुळाभोवती मोहोळ उठल्यासारखा पेशींचा थवा दिसतो, डॉक्टरी पुस्तकात खरंच असंच वर्णन आहे, मधमाश्यांचा थवा.

आता सांगा, दाराशी जमाव जमलाय आणि आपण बाहेर जाऊन आणखी माणसं बोलावून आणायची का? "इम्युनिटी वाढवणाऱ्या" वस्तूंबद्दल मला म्हणून काळजी वाटते. गुळवेल खरंच इम्युनिटी चाळवते का, किती चाळवते, हे प्रत्येकाच्या बाबतीत सांगता येणार नाही, पण 2021 मध्ये मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या 6 पेशंटचा रिपोर्ट छापला होता, लिव्हरला सूज आणि ती बरीचशी ऑटोइम्यून प्रकारची, म्हणजे स्वतःच्याच पेशी लिव्हरवर उलटल्यासारखी. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, गुळवेल सुरक्षित आहे म्हणाले. मी त्या वादात पडत नाही. पण जिच्या शरीरात ऑटोइम्यून गोष्ट आधीच चालू आहे त्या 13 वर्षांच्या मुलीला रोज काढा देण्याचं काही कारण मला दिसत नाही, बंद करा. ऑनलाइनच्या गोळ्यांत काय आहे ते डब्यावर वाचा आणि डॉक्टरांना दाखवा. डाळ, अंडी, पालेभाजी, नाचणी, झोप, हे चालू ठेवा, त्याला कुणाची ना नाही.

सासूबाईंचं मन मोडू नका पण गुंजा घरातून बाहेर काढा, आजच. चाईवर गुंजेचा लेप हा जुना उपाय आहे हे खरं, पण गुंजेत अॅब्रिन नावाचं भयंकर विष असतं, लाल-काळी सुंदर दिसते म्हणून लहान मुलं तोंडात घालतात, चावली गेली तर जीवावर बेतू शकतं. कातडीवरही ती भाजल्यासारखी जखम करते. आणि कुणीतरी कांद्याचा रस सांगणारच, अजून सांगितला नसेल तर सांगतील. त्यावर बगदादच्या डॉक्टरांचा 2002 चा एक छोटा अभ्यास आहे, 38 जणांवरचा, कांद्याचा रस लावणाऱ्यांपैकी पुष्कळांना साधं पाणी लावणाऱ्यांपेक्षा लवकर केस आले. पण अभ्यास लहान होता, आणि चाईत नुसतं थांबूनही बऱ्याच जणांचे केस येतात. कांदा बहुतेक कातडीला हलकं चिडवून जमावाचं लक्ष दुसरीकडे वळवत असावा, स्किनचे डॉक्टर डीपीसीपी नावाचं औषध वापरतात ते साधारण याच तत्त्वावर, मुद्दाम बारीक अॅलर्जी उठवायची. घरी कांदा लावून आग झाली, फोड आले तर मात्र लगेच थांबायचं. मी स्वतः लहान मुलांना सांगत नाही, कारण त्या वासाने पोरगी शाळेत जायला आणखी लाजेल, आणि तुमचा खरा प्रश्न शाळेचा आहे.

स्टेरॉइडच्या भीतीबद्दल. तुम्ही शेतीवाडीच्या भागात राहता तर ठिबक आणि पाटपाणी यातला फरक तुम्हाला सांगायला नको. मलम आणि चाईतलं इंजेक्शन म्हणजे ठिबक आहे, त्या नाण्याएवढ्या जागेला थेंबभर औषध, तिथल्या पेशींना सांगायचं की घरी जा. सगळ्या शरीराची इम्युनिटी त्याने बसत नाही. इंजेक्शन साधारण 4 ते 6 आठवड्यांनी देतात, सुई अगदी बारीक असते, दुखतं पण सहन होतं, कधी कधी त्या जागी कातडीला थोडा खळगा पडतो तो बहुतेक वेळा हळूहळू भरतो. मुलीला आधी विचारा तिची तयारी आहे का. दोन छोटे गोल आहेत, घाई नाही. मलमाला 3 महिने देणं, किंवा अगदी नुसतं लक्ष ठेवून थांबणं, हाही सरळ मान्य असलेला मार्ग आहे, कारण छोट्या चाईत साधारण निम्म्या लोकांचे केस वर्षभरात आपले आपण येतात. मी वीस वर्षं स्किनच्या ओपीडीत बसतेय, आईबापांना सगळ्यात अवघड जातं ते काहीही न करता थांबणं.

तुम्ही मोबाईलवर जॅक गोळ्यांचे व्हिडिओ पाहिले असतील किंवा पाहाल. ते मी वर सांगितलेलं चक्र आहे ना, ते मधेच तोडणारी ही औषधं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अँजेला ख्रिस्तियानो म्हणून शास्त्रज्ञ आहेत, त्यांना स्वतःला चाई झाली आणि त्या याच विषयाकडे वळल्या, 2014 मध्ये त्यांच्या टीमने दाखवलं की अशा गोळीने तीन पेशंटचे जवळजवळ सगळे केस काही महिन्यांत परत आले. 2022 मध्ये अमेरिकेत बॅरिसिटिनिब मंजूर झालं, गंभीर चाई असलेल्या मोठ्या माणसांसाठी, आणि 2023 मध्ये 12 वर्षांवरच्यांसाठी रिट्लेसिटिनिब. हे खरंच मोठं पाऊल आहे, डोकं, भुवया, पापण्या सगळं गेलेल्या लोकांसाठी तर फारच. पण हे पाटपाणी. टीबी आहे का ते तपासूनच सुरू करायचं, इन्फेक्शन आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका डोळ्यासमोर ठेवायचा, वेळोवेळी रक्त तपासायचं, आणि गोळी बंद केली की बऱ्याच जणांचे केस पुन्हा जातात. दोन नाण्यांसाठी नाही. कुणी मेडिकलवाल्याने सहज दिली तरी घेऊ नका.

तुमच्या डॉक्टरांनी चाईच आहे हे नक्की केलंय तर ठीक, पण हे सदर वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहिते, लहान मुलांच्या डोक्यावरचा प्रत्येक गोल चाई नसतो. कोंड्यासारखे पापुद्रे, खाज, तुटलेले खुंट असतील तर ती बुरशी असू शकते, तिला पोटातून औषध लागतं आणि स्टेरॉइडने ती उलट बिघडते. काही मुलं ताणात स्वतःचे केस उपटतात, तिथे वेडेवाकडे, कमी-जास्त लांबीचे केस दिसतात. चाईची जागा गुळगुळीत असते, कडेला बारीक केस दिसतात जे वर जाड आणि मुळाशी निमुळते, उद्गारचिन्हासारखे. नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे आहेत का तेही बघा, आणि घरात कुणाला थायरॉइड, कोड किंवा दमा असेल तर सांगा. थायरॉइडची एक तपासणी करून घेणं बरं. वीस तपासण्यांचं पॅकेज नको.

आता शाळा. चाई लागट नाही. कंगव्याने नाही, उशीने नाही, शेजारी बसल्याने तर नाहीच. हा हल्ला तिच्याच पेशींचा तिच्याच मुळांवर आहे, त्यात एकाकडून दुसऱ्याकडे जाईल असं काही नाहीच. पण लोक का घाबरतात तेही मला कळतं, 2025 च्या जानेवारीत बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात गावंच्या गावांत लोकांचे केस गळायला लागले आणि टीव्हीवर "टक्कल व्हायरस" असं दिवसभर चाललं, पुढे बोट दाखवलं गेलं ते गव्हातल्या सेलेनियमकडे, पण व्हायरस हा शब्द लोकांच्या डोक्यात राहून गेला. म्हणून डॉक्टरांकडून दोन ओळींची चिठ्ठी घ्या, संसर्गजन्य नाही असं स्वच्छ लिहिलेली, आणि स्वतः जाऊन वर्गशिक्षिकेला भेटा. वर्गात काय सांगायचं, सांगायचं की नाही, हे मुलीला ठरवू द्या. काही मुलींना रिबीन बदलून, भांग दुसरीकडे पाडून झाकायला आवडतं, काही म्हणतात एकदाच सांगून टाकते. दोन्ही बरोबर. फक्त घरात बसवू नका. 8 दिवसांचे 15 झाले की तिला वाटायला लागेल की खरंच काहीतरी लपवण्यासारखं झालंय. ती जेवत नसेल, झोपत नसेल, मरणाच्या गोष्टी बोलत असेल तर समुपदेशकाकडे न्यायला केसांच्या औषधापेक्षा जास्त घाई करा.

आणि आता ती ओळ. नाही ताई, तुमच्यामुळे झालं नाही. ताणाचा आणि चाईचा संबंध आहे का यावर पुष्कळ अभ्यास झालेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. प्रयोगशाळेत ताणाची काही रसायनं तो पडदा विरळ करताना दिसतात हे खरं, पण गणितावरून बोलणी खाल्लेली मुलं महाराष्ट्रात किती असतील, त्यांच्यातल्या कितीजणांना चाई झाली? ही तयारी मुळात जीन्समध्ये असते, आणि ज्यांच्यात असते त्यांच्यातही कधी पडदा गळून पडतो, कधी आयुष्यभर पडत नाही. शंभरातल्या साधारण दोघांना आयुष्यात कधी ना कधी चाई होते, त्या सगळ्यांच्या आया चुकलेल्या नसतात. तुम्हाला मार्कांवरून बोलल्याचं वाईट वाटत असेल तर त्यासाठी तिला जवळ घेऊन सॉरी म्हणा, ते वेगळं आणि चांगलं आहे, पण चाईशी त्याची गाठ मारू नका, नाहीतर उद्या ती पण मारेल, आणि प्रत्येक परीक्षेला डोक्यावर हात फिरवून बघेल.

खोटा धीर देत नाही. चाई परत येऊ शकते, एकदा केस आले म्हणजे कायमचं संपलं असं नसतं, आणि लहान वयात सुरू झालेली, कानामागून मानेच्या कडेने पट्ट्यासारखी पसरणारी किंवा नखांवर खुणा असलेली जरा हट्टी असते. तुमच्या वर्णनात तसा पट्टा नाही. पण एक गोष्ट सगळ्याच चाईत खरी आहे: हल्ला मुळाच्या खालच्या फुगीर भागावर होतो. नवा केस घडवणाऱ्या मूळपेशी त्याच्या वर, कातडीच्या जरा जवळ असतात, त्या शाबूत राहतात. म्हणून कित्येकांना वर्षांनंतरही केस आलेत. चाई गुळगुळीत दिसते म्हणून तिथे काही उरलं नाही असं समजू नका.

दर महिन्याला एकाच जागी, एकाच उजेडात, शेजारी एक रुपयाचं नाणं धरून फोटो काढा. रोज आरशात बघू नका, केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, रोज काही कळत नाही. आणि सासूबाईंना आत्ताच एक सांगून ठेवा. चाईत पहिले केस येतात ते पुष्कळदा पांढरे येतात, लव असावी तसे, कारण हल्ल्यातून रंगाचं काम सावरायला वेळ लागतो, रंग मागाहून भरतो. ते पांढरे केस दिसले की एवढ्याशा पोरीचे केस पिकले म्हणून उपटायला जातील. उपटू देऊ नका, आणि तो फोटो मला नक्की पाठवा.